मैदानावरील खेळ आणि वाढत्या वयातील शरीर

शाळेतील खेळांविषयी भंडारा जिल्ह्यात दोन प्रकारचे आक्षेप ऐकू येतात, आणि ते दोन निराळ्या घरांतून येतात. सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे या जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांहून किंचित अधिक असून तीपैकी पाचांत चार माणसे खेड्यांत राहतात. खेड्यातला बाप म्हणतो, पोरगा रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीतल्या चिखलात उभा असतो, पेंढ्या वाहतो, गुरांमागे चार कोस हिंडतो. त्याला आणखी कवायत कशाला हवी? शहरातला बाप म्हणतो, दहावीचे वर्ष तोंडावर आले आहे; मैदानावर घालविलेला तास अभ्यासातून वजा होतो. पहिल्याला खेळ अनावश्यक वाटतो, दुसऱ्याला तो उधळपट्टी वाटते. यांखेरीज तिसरा एक वर्ग आहे, तो खेळाचा पुरस्कर्ता खरा, परंतु त्याची श्रद्धा भलत्याच गोष्टीवर बसलेली असते. मुलाने आडव्या बारला लोंबकळले म्हणजे त्याची उंची वाढेल, एवढ्याच आशेने तो त्याला मैदानावर धाडतो.

प्रथम या तिसऱ्याचा विचार करणे सोयीचे होईल, कारण त्यातून मूळ विषय आपोआप उलगडतो. मनुष्याची उंची मुख्यत्वे आईबापांकडून आलेल्या वारशावर आणि त्याखालोखाल लहानपणच्या अन्नावर व आजारांवर ठरते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. तेथे नव्या पेशी तयार होतात, त्यांचे मागाहून हाड बनते आणि हाड लांबत जाते. तारुण्याबरोबर शरीरात स्रवणारे रस अखेरीस या चकतीचेच हाड करून टाकतात. मग उंचीचे दार बंद होते. लोंबकळण्याने ही चकती जास्त काम करीत नाही. सकाळी उठल्यावर मनुष्य सायंकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच भरतो, कारण रात्रभराच्या विश्रांतीत पाठीच्या मणक्यांमधील गाद्या फुगलेल्या असतात; लोंबकळण्याचा लाभ झालाच तर याच जातीचा, म्हणजे दुपारपर्यंत नाहीसा होणारा. बास्केटबॉल खेळणारे उंच दिसतात ते खेळाने उंच झालेले नसून उंच होते म्हणून त्या खेळात निवडले गेलेले असतात. जिम्नॅस्टिक करणारी मुले ठेंगणी दिसतात, तेथेही बव्हंशी निवडच कारण असते. तेव्हा उंचीच्या लोभाने मुलाला खेळावयास पाठविणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. दुःखाची गोष्ट ही की, निराश झाल्यावर तो मुलाला मैदानावरून परत बोलावितो, आणि खेळाने जे खरोखर मिळावयाचे तेही त्यामुळे गमावले जाते.

हे खरे मिळावयाचे म्हणजे हाडाचा कस. हाड लांब होणे आणि हाड भरणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, आणि त्या एकाच वेळी होत नाहीत. मुलींची वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने होते, मुलांची चौदाव्याच्या सुमारास. त्या वर्षी मुलगी आठ सेंटिमीटरांच्या आसपास वाढते, मुलगा नऊच्या किंवा काही अधिक. हाडात चुना मुरण्याचा वेग मात्र त्यानंतर काही महिन्यांनी शिखरास पोहोचतो. मधल्या काळात हाड लांब झालेले असते पण पुरते भरलेले नसते, आणि म्हणूनच याच वयात झाडावरून अगर सायकलीवरून पडून मनगट मोडल्याच्या घटना अधिक होतात. या शिखराच्या भोवतालच्या दोन वर्षांत मनुष्याच्या आयुष्यभराच्या हाडाच्या ठेवीपैकी सुमारे चौथा हिस्सा जमा होतो. पुढे चाळिशीनंतर ही ठेव खर्ची पडू लागते. ज्याने मूळ ठेवच थोडी ठेवली त्याचे हाड म्हातारपणी अंगणात पाय घसरल्यानेही मोडते.

ही ठेव वाढविण्यात खेळाचा हात किती? जर्मन शस्त्रवैद्य यूलियस वोल्फ याने सन १८९२ मध्ये असा सिद्धान्त मांडला की, हाडावर ज्या तऱ्हेचा भार पडतो त्या तऱ्हेने ते आपली रचना बदलते. याचा उत्तम पुरावा टेनिसपटूंच्या हातांत मिळाला. टेनिस खेळणाऱ्याचा एक हात चेंडू मारतो, दुसरा बहुतेक मोकळा असतो. अन्न, वारसा, हवापाणी दोन्ही हातांना एकच. फिनलंडमधील संशोधकांनी सन १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात तपासले, तेव्हा खेळणाऱ्या हाताचे हाड अधिक भरीव आढळले. ज्यांनी ऋतुप्राप्तीच्या आधी अगर त्या सुमारास खेळ सुरू केला होता त्यांच्या दोन हातांतील फरक, पंधरा वर्षांहून अधिक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या मानाने दुपटीपासून चौपटीपर्यंत होता. तोच खेळ, तोच हात. वेळ तेवढी निराळी. शाळेचे वय निघून गेल्यावर व्यायामशाळेची वर्गणी भरून हा फरक भरून काढता येत नाही.

आता खेड्यातल्या बापाच्या आक्षेपाकडे वळता येईल. शेतातले काम हे श्रम आहेत यात शंका नाही, आणि ते करणारा मुलगा काटक होतो हेही खरे. परंतु हाडाला दीर्घकाळ चाललेला एकसुरी भार फारसा समजत नाही. त्याला लागतात थोडे, तीव्र आणि दरवेळी दिशा बदलणारे धक्के, व मध्ये विश्रांती. खोखोत पाटीवर बसलेला गडी खो मिळताच उसळून उठतो, चार पावले जोराने धावतो, खांबाला वळसा घालतो, सूर मारतो आणि पुन्हा बसतो. हुतुतूत चढाई करणारा एका श्वासात आत जातो, झुकांडी देतो, उडी घेऊन मागे येतो. हाडाला नेमके हेच रुचते. उलट वाकून तासन्‌तास रोवणी करणे अगर डोक्यावरून ओझे वाहणे यात पाठीवर ताण पडतो, पण उडी नाही आणि वळणही नाही. शिवाय काम कधी थांबवावयाचे हे मुलाच्या हाती नसते. पोहण्याचे उदाहरणही येथे घेण्यासारखे आहे. वैनगंगेच्या आणि मालगुजारी तलावांच्या काठच्या मुलांची छाती व दम पोहण्याने उत्तम होतो, परंतु पाणी शरीराचा भार उचलून धरते, त्यामुळे हाडाला त्याचा लाभ थोडाच.

आणि हे खेळ महाराष्ट्राला कोणी बाहेरून आणून द्यावे लागले नाहीत. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खोखोचे नियम बांधले ते सन १९१४ च्या सुमारास. त्याच वर्षी विदर्भात अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने सन १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिक समयी हुतुतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. या खेळांना लाकडी गालिचा लागत नाही, महाग साहित्य लागत नाही. दोन खांब, चुन्याच्या रेघा आणि दगडगोटे वेचलेली जमीन पुरते. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे असे परिशिष्टात घालून दिले आहे; क्रीडांगणावर तास खरोखर भरावा असे मात्र कोणत्याही परिशिष्टाने घडत नाही, ते मुख्याध्यापकाच्या मनावर असते. वेळापत्रकातील खेळाचा तास गणिताच्या शिक्षकास उसना देण्याची रीत इतकी रुळली आहे की, तो उसना परत करावयाचा असतो हेच विसरले गेले आहे.

शहरातल्या बापास एवढेच सांगावयाचे की, जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे, आणि सन २०१६ च्या आकड्यांप्रमाणे जगातील अकरा ते सतरा वयाच्या पाच मुलांपैकी चार ती पुरी करीत नाहीत. नियमित खेळणाऱ्याचे हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त लोटते, म्हणून स्वस्थ बसला असता त्याची नाडी सावकाश चालते. सकाळी अंथरुणातच मुलाची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणावी आणि दोन-तीन महिन्यांच्या नियमित खेळानंतर पुन्हा मोजावी. फरक दिसतो की नाही हे त्याचे त्यालाच कळेल. अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या डोळ्यांवर झापड येते ती नेहमीच जागरणाने येते असे नाही.

खेळाची ही बाजू झाली. परंतु शाळेत खेळ कोणास कसे खेळविले जातात याकडे पाहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण येथेच चांगल्या औषधाचा अपाय होऊ शकतो. शालेय स्पर्धांचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयावर पाडलेले असतात. जन्मतारीख ही कागदावरची खूण होय. शरीराचे वय निराळे असू शकते. तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी केली तर एकाला मिसरूड फुटू लागलेली असते आणि दुसरा अजून लहान पोर दिसतो. दोघांच्या शारीरिक वयात तीन-चार वर्षांचे अंतर पडू शकते, आणि दोघेही पूर्णपणे निरोगी असतात. शिक्षक साहजिकच पहिल्याला संघात घेतो. दुसरा वर्षभर पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, मग मैदानाकडे फिरकत नाही. सोळाव्या वर्षी तो पहिल्याच्या बरोबरीस येतो, कित्येकदा पुढेही जातो. पण तोवर खेळ सुटलेला असतो. हुतुतूत वजनाची मर्यादा घालतात ती याच अन्यायावर थोडासा इलाज म्हणून. लहान दिसणाऱ्या मुलाविषयी आणखी एक गैरसमज आहे, तो असा की, तारुण्यापूर्वी कसरत व्यर्थ. दंड फुगत नाहीत हे खरे, तथापि मज्जातंतू स्नायूंना एकजुटीने कामास लावण्यास शिकतात आणि बळ वाढतेच.

जो मुलगा वेगाने वाढत असतो त्याचे दुखणे वेगळे. गुडघ्याच्या वाटीखाली, नळीच्या हाडावर जेथे मांडीच्या स्नायूचा पट्टा चिकटतो, तेथे या वयात कूर्चाच असते. उड्या आणि धावणे अति झाले की ती ओढली जाते, सुजते, तेथे टेंगूळ येते. बोस्टनचा ऑसगुड आणि झुरिकचा श्लाटर या दोन वैद्यांनी सन १९०३ मध्ये स्वतंत्रपणे हे दुखणे वर्णिले, म्हणून त्याला दोघांचे नाव आहे. ते बहुधा आपोआप बरे होते. मात्र काही आठवडे उड्या कमी कराव्या लागतात. ‘पळशील तर मोकळे होईल’ हा उपदेश येथे उपयोगाचा नाही.

यानंतर अन्न. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सन २०२० च्या शिफारशींप्रमाणे तेरा ते पंधरा वयाच्या मुलास दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीस ४३ ग्रॅम प्रथिने हवीत. शाळेतील मध्यान्ह भोजनात सहावी ते आठवीच्या मुलाला त्यांपैकी २० ग्रॅम प्रथिने आणि ७०० उष्मांक मिळावेत असे प्रमाण आहे. ही योजना आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकले की ताट बंद होते, आणि मुलगा चौदाव्या वर्षात, म्हणजे वाढीच्या ऐन भरात असतो! धानाच्या मुलखात भाताची ददात सहसा पडत नाही. उणीव असते ती वरणाची, अंड्याची, तलावातल्या मासळीची, भाजीची. ज्या घरी ही उणीव आहे त्या घरच्या मुलाला सायंकाळी दोन तास पळवून रिकाम्या पोटी घरी धाडणे म्हणजे त्याच्या वाढीच्या भांडवलातून खेळाचा खर्च भागविणे होय. खेळानंतर मूठभर फुटाणे आणि गूळ देणाऱ्या शाळा शहाण्या म्हणावयाच्या.

मुलींच्या बाबतीत यात रक्तक्षयाची भर पडते. सन २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या भारतीय मुलींपैकी शेकडा ५९ आणि मुलांपैकी शेकडा ३१ रक्तक्षयी आढळले. रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. ते कमी असेल तर मुलगी मैदानाच्या दुसऱ्या फेरीलाच धापा टाकू लागते. तिला नाजूक, आळशी, खेळात रस नसलेली असे म्हणून सावलीत बसविले जाते, आणि तिचे लग्न होऊन पहिले मूल होईपर्यंत कोणी तिचे रक्त तपासीत नाही. मुलींचा खेळ तेराव्या-चौदाव्या वर्षी सुटतो त्यास लाज, सोबत नसणे, शाळेत आडोशाची जागा नसणे ही कारणे आहेतच. परंतु त्यांच्या आड हे एक वैद्यकीय कारण दडलेले असते. शाळांतून दर आठवड्यास लोहाची निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. ती गोळी जेवणानंतर शिक्षकासमोर गिळविली तर उपयोग. दप्तरात राहिली तर नाही.

भंडारा जिल्ह्यात मात्र धापा टाकणाऱ्या मुलाकडे पाहताना आणखी एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते. नागपूरपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. शिकागोच्या हेरिक या वैद्याने सन १९१० मध्ये रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी पाहिल्या, आणि विळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले. नागपूरच्या भागात तो असल्याचे शुक्ल व सोळंकी यांनी सन १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते. त्याला बहुधा कसलाही त्रास नसतो. दोघांकडूनही आला तर मूल रोगी होते. दोघे वाहक असता दर मुलाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक असते.

रोगी मुलाच्या पेशी प्राणवायू उणा पडला, अंगातले पाणी आटले, ताप आला, अगर थंडी बाधली म्हणजे वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात, आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा उठतात. मैदानावर हे सगळे एकाच तासात घडू शकते. खेळून घरी गेलेला मुलगा रात्री पाय धरून रडतो, दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही, आणि त्याची नोंद ‘वारंवार गैरहजर’ अशी होते. शिवाय या मुलांची वाढ व तारुण्य बहुधा वर्ष-दोन वर्षे उशिरा येते, म्हणजे वयाच्या गटात ती आधीच मागे पडलेली असतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून कमरेचा सांधा खराब होण्याचा धोकाही त्यांस असतो. अशा मुलास लंगडताना पाहूनही उड्या मारावयास लावणे हा शिक्षकाच्या हातून होणारा अजाण अपराध ठरेल.

परंतु यावरून त्यांना खेळच बंद करणे हेही चुकीचे. वाहकांविषयीचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. सन १९८७ मध्ये अमेरिकेच्या सैन्यातील शिकाऊ सैनिकांच्या पाहणीत असे दिसले की, कृष्णवर्णीयांपैकी वाहकांत कवायतीच्या वेळी अकस्मात मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट होते. ही वार्ता भयंकर होती. पुढे सैन्याने सर्वांसाठीच नियम केले: पाणी वरचेवर पिणे, उन्हाच्या मानाने श्रम कमी करणे, मध्ये विसावा घेणे, श्रम हळूहळू वाढविणे. सन २०१६ मध्ये सुमारे अठ्ठेचाळीस हजार कृष्णवर्णीय सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत वाहकांचा मृत्यू इतरांहून अधिक आढळला नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र दीडपट होता. म्हणजे वाहकाने खेळावे, पण तहानेने आणि उन्हात नव्हे. रोगी मुलाने किती खेळावे हे त्याच्या वैद्याने ठरवावे, आणि त्या मुलाला वाटेल तेव्हा थांबण्याची मुभा असावी. थांबल्याबद्दल हसू होत नसेल तरच ही मुभा खरी.

सन २०२३ च्या १ जुलै रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तीत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची रक्ततपासणी योजिली आहे. शाळेने एवढेच करावे की, तपासणीचा निकाल व्यायामशिक्षकास ठाऊक असावा आणि इतर मुलांस ठाऊक नसावा. पुष्कळ ठिकाणी याच्या नेमके उलट होते. या रोगावर पांघरूण घालण्याची घरांची प्रवृत्ती मुलीच्या लग्नाच्या चिंतेतून येते, आणि ती चिंता समजण्यासारखी आहे. पण मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकापासून ती गोष्ट लपविणे मुलालाच महाग पडते.

ज्या शाळेस यातले काही आजच करावयाचे असेल तिला खर्च फारसा नाही. मैदानाच्या कडेला पाण्याचा माठ, आणि दर पंधरा मिनिटांनी सर्वांनी पाणी पिण्याची शिट्टी, म्हणजे कोणा एकाला वेगळे काढण्याचा प्रसंग येत नाही. फाल्गुनापासून खेळ सकाळी. विदर्भाचे ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते हे येथे कोणास सांगावयास नको. वर्गाच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा, आणि दर चार महिन्यांनी प्रत्येकाची उंची व वजन वहीत. ज्याची उंची चार महिन्यांत तीन सेंटिमीटर किंवा अधिक वाढली, तो शिखराजवळ आला असे समजून त्याच्या उड्या थोड्या कमी कराव्यात, गुडघा दाबून पाहावा, आणि तो एकाएकी बेंगरूळ धावू लागला तर त्याला रागावू नये. त्याचे पाय लांब झाले आहेत, त्यांची त्याला अजून सवय नाही. ज्याची उंची वर्षभर जवळजवळ हललीच नाही आणि वजनही नाही, त्याचे नाव वहीतून काढून वेगळ्या कागदावर लिहावे, आणि तो कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.